अमडापूरच्या मैदानातला दुसरा बेस

मी, प्रेमला चिंतामण गावंडे, वय बहात्तर, निवृत्त क्रीडा शिक्षिका, राहणार खामगाव, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, पोटभर जेवून आणि स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. याआधीचा मसुदा मी फाडून टाकला आहे. तो गळ्यातल्या गाठीच्या धास्तीने लिहिला होता आणि त्यात मी सगळ्यांना क्षमा करून मोकळी झाले होते. गेल्या आठवड्यात डॉ. योगिनी यांनी रिपोर्ट वाचला आणि गाठ साधी आहे म्हणून सांगितले. जीव भांड्यात पडला. तेव्हा ती सरसकट क्षमा मागे घेऊन आता ज्याला जेवढी शोभेल तेवढीच देत आहे.

कलम १. खामगावचे राहते घर माझे यजमान कै. चिंतामण यांच्या पुतण्याला, म्हणजे अविनाशला द्यावे. आम्हाला मूलबाळ नाही. दवाखान्यात डबा त्यानेच आणला आणि रिपोर्टची वाट पाहताना माझ्यापेक्षा तोच जास्त घामाघूम झाला होता. मागच्या अंगणातले लिंबाचे झाड तोडू नये. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही अविनाशनेच करावी. त्याला जमिनीचा मोह आहे, पण दिलेला शब्द तो मोडत नाही. हे दोन्ही गुण एकाच माणसात असू शकतात.

कलम २. बँकेत जे काही शिल्लक असेल त्यातून प्रथम अमडापूरच्या मैदानावरची मुलींची दोन स्वच्छतागृहे आणि पाण्याची टाकी दुरुस्त ठेवावी, मग उरलेल्याचा विचार करावा. कारण लिहून ठेवते. मी नोकरीला लागले तेव्हापासून बेसबॉलच्या शालेय स्पर्धांना मुली घेऊन जात होते. ज्या मैदानावर आडोसा नसे, तिथे माझ्या मुली सकाळपासून पाणीच पीत नसत. तहान नाही म्हणायच्या. दुपारच्या सामन्यात त्यांना चक्कर आली की आयोजक म्हणत, पोरी नाजूक आहेत. पोरी नाजूक नव्हत्या. हारतुऱ्यांचा मंडप मात्र प्रत्येक ठिकाणी वेळेवर उभा असे, आणि त्याची सावली फक्त पाहुण्यांवर पडे.

कलम ३. खेळाचे साहित्य. तीन बॅटी, ग्लोव्ह्जची पेटी आणि कॅचरचा मुखवटा धामणगाव बढे येथील क्रीडा शिक्षिका मयुरी हिला द्यावा. हा मुखवटा अनेक वर्षे दोन्ही संघांत मिळून एकच असे. एका पोरीने घामाने भिजवला की दुसरीने तसाच चढवायचा. पंचांकडे चेंडू मोजायचे यंत्र नसे, म्हणून ते चिंचोके या खिशातून त्या खिशात टाकत. कधी खिशालाच भोक असे. शिवाय एसटीची वेळ जवळ आली की कुठलाही चेंडू स्ट्राइक ठरायचा, म्हणजे पोरी लवकर बाद. माझ्या डब्यातले चिंचोके टाकून द्यावेत. ते कोणाला द्यायची इच्छा नाही.

कलम ४. आता मुख्य गोष्ट. अमडापूर शिवारातील दोन एकर जमीन माझे वडील उकंडराव यांनी मला बक्षीसपत्राने दिली, त्यामुळे तिचे काय करायचे हे मीच ठरवणार. ही जमीन मी निवृत्तीनंतर सपाट करून घेतली. त्याआधीही गावातले सामने तिथेच होत, फक्त तेव्हा दगड वेचणे हा सरावाचाच भाग होता. ही जमीन मुलामुलींच्या बेसबॉलसाठी मैदान म्हणूनच राहावी, ही माझी इच्छा आहे. अविनाशची वेगळी आहे. तो मला अनेकदा म्हणाला आहे, "काकू, प्लॉट पाडले तं सोनं होते. पोरं काय, कुठीबी खेळतात." पोरं कुठेही खेळतात हे खरेच आहे. म्हणूनच त्यांना कुठेही खेळायला लावले जाते.

कलम ५. डिसेंबर २००३ मध्ये याच जमिनीवर मुलींची जिल्हा अंतिम फेरी झाली. तिचा तपशील मृत्युपत्रात येणे वकीलसाहेबांना पसंत नाही. पण त्याशिवाय पुढची कलमे कळणार नाहीत.

आमच्याकडे विकतचे बेस नव्हते. यजमान कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होते. त्यांनी प्रेमाने गोणपाटाच्या चौकोनी पिशव्या शिवून घेतल्या आणि त्यात सरकी ठासून भरली. वाळूपेक्षा मऊ, पोरींचे घोटे वाचतील, असा त्यांचा विचार. सरकी म्हशींना किती आवडते हे सगळ्या वऱ्हाडाला ठाऊक आहे, पण त्या दिवशी आमच्यापैकी एकालाही ते आठवले नाही. मैदानाला कुंपण नव्हते. शेवटच्या डावात मयुरी, तेव्हाची माझी विद्यार्थिनी, पहिल्या बेसवरून पळाली आणि तेवढ्यात शेजारच्या शेतातल्या पुष्पाबाईंची म्हैस आत शिरून दुसरा बेस तोंडात धरून चालती झाली. मयुरी थांबली नाही. जिथे बेस होता तिथल्या चुन्याच्या फक्कीच्या पांढऱ्या खुणेवर पाय रोवून उभी राहिली. मग समोरच्या संघातल्या मुलीने तिला चेंडू लावला. नियम साफ आहे: खेळ चालू असताना बेस हलला तर त्याची मूळ जागा हाच बेस. पंच होते उत्तमराव बोदडे. ते म्हणाले, पाय बेसवर नाही, आउट. सामना तिथेच संपला. आम्ही एका धावेने हरलो. लोक मात्र म्हशीला हसत होते.

उत्तमराव तिथे पंच कसे, हेही सांगते. आमच्या जिल्ह्यात अशी रीत होती की जो संघ हरेल त्याच्या मास्तरने पुढच्या सामन्याला पंच म्हणून उभे राहायचे. वेगळा पंच बोलवायचा खर्च वाचतो. त्या सकाळी उत्तमरावांच्या शाळेला आम्हीच हरवले होते. घरचा बैल हरला की माणूस दुसऱ्याच्या बैलाला नीट पाहत नाही, तशातली गोष्ट.

मयुरी तेव्हा सोळा वर्षांची होती. विभागाच्या निवडीला ती गेली नाही. पुढच्या वर्षी वडिलांनी खेळ बंद केला. त्यांच्या मते जी पोरगी म्हशीमुळे आउट होते तिने अभ्यास करावा. तिने अभ्यास केला, पुढे क्रीडा शिक्षिकाच झाली, पण तिने स्वतः पुन्हा बॅट हातात धरली नाही. मला त्याचे फार वाईट वाटले, आणि अजून वाटते.

कलम ६. या मैदानावर यापुढे हरलेल्या संघाच्या मास्तरला पंच करू नये. पंच बाहेरचा असावा, त्याला जेवण वेळेवर द्यावे, आणि सामना चालू असताना त्याला चहा नेऊन देणाऱ्या आयोजकाला कुंपणाबाहेर उभे करावे. बेसमध्ये सरकी भरू नये. वाळूच भरावी.

कलम ७. मैदान सांभाळण्यासाठी विश्वस्त म्हणून मी मयुरीला नेमते. तिच्याइतके ते कोणालाही जमणार नाही. गाठ निघाली त्या दिवसांत ती मला भेटायला आली आणि मी तिच्यापुढे हा विषय काढला. ती म्हणाली, "बाई, मैदान मी सांभाळतो. पण उत्तमराव सरांनी एकदा सांगावं, मी त्या दिवशी काय होती, सेफ का आउट. तेवढं आयकल्याशिवाय मले पोरीयले पंचाचं आयका म्हनता येत नाही." माझ्या मुलींना मीच शिकवले आहे की पंचाचा निर्णय अंतिम, आणि तो बदलायचा अधिकार फक्त ज्याने दिला त्याला. तेव्हा ती सेफ होती असे मी शंभर वेळा लिहिले तरी उपयोग नाही.

कलम ८. उत्तमराव बोदडे, निवृत्त मुख्याध्यापक, चिखली. जिल्ह्यातल्या पंचमंडळींत त्यांचा शब्द अजून चालतो. माझे त्यांच्याशी वैर आहे, पण बोलणे कधी बंद झाले नाही. लग्नकार्यात भेटलो की ते पिकपाण्याचे विचारतात आणि मी फक्कीचे विचारते. ते दर वेळी म्हणतात, पंचाचा निर्णय अंतिम. दवाखान्यातही ते केळी घेऊन आले. खुर्चीवर टेकले, थंडी फार पडली म्हणाले आणि केळी तिथेच विसरल्यासारखी ठेवून गेले. दारात वळून एवढेच विचारले, "मयुरी कुठी असते आता?" मी सांगितले. त्यांनी मान हलवली आणि गेले. केळी चांगली होती.

वकीलसाहेब सांगतात की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही. हे ऐकताच मी उत्तमरावांचे नाव साक्षीदार म्हणून घातले. त्यांना काही न देण्याचा इतका सभ्य मार्ग दुसरा नाही. त्यांना या म्हणून निरोप पाठवला, त्यांनी येतो म्हणून कळवले. सही अमडापूरच्या मैदानावरच व्हायची आहे. त्या दिवशी तिथे मुलींचे सामने आहेत आणि मयुरी फक्की मारायला येणार आहे. उत्तमरावांच्या सहीशेजारी शेऱ्यासाठी मी थोडी जागा कोरी सोडली आहे. ती कशासाठी, हे मी त्यांना सांगितलेले नाही आणि सांगणारही नाही. पंचाला निर्णय सुचवायचा नसतो.

कलम ९. ती जागा कोरी राहिली तर मयुरी विश्वस्तपद घेणार नाही, आणि तिच्याशिवाय मैदान दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायला माझे मन धजत नाही. तसे झाल्यास अमडापूरची जमीन अविनाशला द्यावी आणि त्याने खुशाल प्लॉट पाडावेत. अशी अट कायद्यात बसत नाही असे वकीलसाहेब म्हणाले. मी म्हटले, बसवा. जमीन पडीक राहून तिच्यावर भांडणे उगवण्यापेक्षा घरे बांधलेली बरी. दुसऱ्या बेसच्या जागी मात्र विहीर खोदू नये.

कलम १०. माझ्यामागे दिवसकार्य थोडक्यात करावे. जेवणात वांग्याची भाजी नको. मैदानावर शोकसभा घेऊ नये, त्या वेळात पोरींचा एक सामना होतो. भाषण करायचेच असेल त्याने कुंपणाबाहेर करावे.

मरायची मला आता घाई नाही, डॉक्टरांनी तशी सूटच दिली आहे. पण गेली बावीस वर्षे जे मनात घेऊन फिरत होते ते कागदावर उतरले आणि हलके वाटते आहे. या मजकुरात पुढे काही बदल केल्यास तो माझ्या सहीनिशीच ग्राह्य धरावा.

स्थळ: अमडापूर, ता. चिखली, मैदानावरच्या पत्र्याच्या शेडखाली
दिनांक: १८ जानेवारी २०२६

लिहून ठेवणार:
प्रेमला चिंतामण गावंडे

आम्हा दोघांच्या समक्ष वरील सही झाली.

साक्षीदार १: डॉ. योगिनी सोनटक्के, खामगाव
शेरा: बाईंची बुद्धी शाबूत आहे. तिखट कमी खावे.

साक्षीदार २: उत्तमराव बोदडे, चिखली
शेरा: पोरगी सेफ होती. तिचा पाय फक्कीवर होता, मले तेव्हाच दिसला होता. सकाळच्या हारीचा राग डोक्यात होता. निर्णय बदलतो.

वरचा शेरा मयुरीने दुसऱ्या बेसवरून येऊन स्वतः वाचला. कलम ९ माझ्या हाताने खोडले आहे. खाडाखोड मान्य.
प्रेमला गावंडे