गाढवाच्या पाठीवरचं नाव

३ जानेवारी, शुक्रवार
आजपासून रोज लिहायचं. ही डायरी आल्हादने पुण्याहून कुरिअरने पाठवली. म्हणाला, आई, लिहीत जा, मन मोकळं होईल. मोकळंच आहे. इतकं की त्यात काहीच नाही.

भालचंद्रला जाऊन पाच महिने होतील. मी अजून रडले नाही. लोक त्याला धीर म्हणतात, मी शिस्त म्हणते. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये रडणाऱ्या मुलीला सिस्टर वर्गाबाहेर काढून व्हरांड्यात उभं करायच्या. रडणं संपलं की आत यायचं. मी कधीच बाहेर गेले नाही.

संकल्प: नवऱ्याच्या नावाने, भालचंद्र खेर्डेकर स्मृती अनुदान. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एका शिक्षकाला, वर्गात काही कल्पक करण्यासाठी. रक्कम लहान, पण काम चोख. हा माणूस बुलढाण्याच्या एसटी स्टँडवर जन्मभर माइकवरून गाड्या पुकारत होता. दुसऱ्यांच्या गावांची नावं घेत गेला. त्याचं स्वतःचं नाव कुठेतरी नीट, सन्मानाने लिहिलेलं असावं. एवढंच. भावनेचा प्रश्न नाही.

९ जानेवारी, गुरुवार
व्हॉट्सॲपवर जाहीर केलं. अर्ज तीन. एकाला शाळेच्या भिंतीवर रॉकेट रंगवायचंय. एकाला स्पीकर हवाय, त्यात कल्पकता काय ते त्यालाच ठाऊक. तिसरी निशिगंधा, धाड गावाच्या पुढे एका वस्तीवरच्या शाळेत शिक्षिका. तिला पहिली-दुसरीच्या पोरांकडून हातात घालायच्या बाहुल्या करून घ्यायच्यात, नाटक बसवायचंय. शुद्धलेखनाच्या चुका सर्वांत कमी. निवडली.

एकच अट. प्रत्येक वस्तूवर नाव हवं: कै. भालचंद्र खेर्डेकर यांच्या स्मरणार्थ. ती म्हणाली, मॅडम, बाहुलीच्या पाठीवर एवढं मावणार नाही. म्हटलं, मावेल. आमच्या कॉलनीतल्या देवळात पंख्याच्या तिन्ही पात्यांवर देणाऱ्याचं नाव आहे. पंखा सुरू झाला की कुणाला वाचता येत नाही, ती गोष्ट वेगळी. बाहुल्या काही फिरत नाहीत.

मी शाळेत जाणार नाही. देणाऱ्याने लुडबुड करू नये.

२१ जानेवारी, मंगळवार
शाळेत जाऊन आले. लुडबुड नव्हे, पाहणी.

जाताना एसटीने. येताना गाडी आली नाही, जीपमध्ये बसावं लागलं. जीपमध्ये बसणार नाही असं मी कुणालातरी सांगितलं होतं. कुणाला ते आठवत नाही, म्हणजे शब्द मोडला असं होत नाही. मांडीवर कुणाच्यातरी मेथीच्या जुड्या.

जुने मोजे, कापडाचे तुकडे, बटणं असा पसारा वर्गभर. मुख्याध्यापक अर्जुनराव सभ्य गृहस्थ, चहा पाजतात आणि मत देत नाहीत. पोरांची भाषा ऐकवत नाही. मले, तुले, काऊन, बे. भालचंद्रही साखरखेर्ड्याचा. लग्नानंतर घरात एकदा ‘मले’ म्हणाला होता. मी फक्त पाहिलं. पुन्हा म्हणाला नाही. माइकवर मात्र भाषा स्वच्छ होती, हे मान्य करायला हवं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
संताप.

बाहुल्या झाल्या. राजा, कावळा, म्हातारी, पोलीस. सगळ्यांच्या पाठी लहान, म्हणून त्यांच्यावर नुसतं ‘भा. खे.’. पूर्ण नाव मावेल एवढी पाठ एकाचीच. गाढवाची.

नुकती वाचायला शिकलेली पोरं दिसेल ते मोठ्याने वाचतात. त्यांनी पाठीवरचं वाचलं आणि गाढवाचं नाव ठेवलं. भालचंद्र. गाढव डिंपल नावाच्या दुसरीतल्या मुलीच्या हातात असतं. माझ्यासमोर ती त्याला म्हणते, “ओ भालचंद्र, काऊन तोंड फुगवून बसला बे?” सगळा वर्ग लोळला. निशिगंधा भिंतीकडे वळून हसत होती. खांदे दिसतात पाठीमागून. अर्जुनरावांनी चहा आणला.

म्हटलं, याचा घोडा करा. निशिगंधा म्हणाली, मॅडम, मग कान कापावे लागतील, लेकरं रडतील. म्हटलं, व्हरांड्यात उभी करा.

अनुदान मागे घेणार. उद्या सकाळी फोन.

८ फेब्रुवारी, शनिवार
फोन केला. ती अगदी शांत. मी मुद्द्यावर यायच्या आत बाहुल्या परत पाठवते म्हणाली. मग म्हणाली, पण मॅडम, एक विचारायचं होतं, पोरं रोज विचारतात की भालचंद्र काय काम करायचे. काय सांगू?

चुकीची माहिती जाऊ नये म्हणून तेवढं सांगितलं. वाहतूक नियंत्रक. कंट्रोल रूमची खिडकी. हिरव्या फ्लास्कमधला चहा. एकदा एका नवऱ्या मुलाची खामगावची गाडी सुटली, तर पुढच्या गाडीच्या घोषणेत यांनी त्याला शुभेच्छा दिल्या आणि त्याबद्दल मेमो घेतला. गावाचं नाव घेतल्यावर किंचित थांबायचे, कारण त्या गावाच्या माणसाला पिशव्या उचलायला वेळ लागतो. असं ते म्हणायचे.

फोनची बॅटरी संपली. अनुदान मागे घेण्याचं बोलायचं राहिलं. सोमवारी.

१५ फेब्रुवारी, शनिवार
निशिगंधाचा व्हॉट्सॲपवर व्हिडिओ. नाटक बदललं. राजाला धाडच्या बाजाराला जायचंय आणि त्याला गाडी मिळत नाही. खोक्यांचा एसटी स्टँड. खिडकीत गाढव. डिंपलचा आवाज: “धाडवाली गाडी लागून राह्यली, पटपट बसा, मांगून बोंबलू नका!”

काही वाटलं नाही. फक्त उच्चार चुकीचे. मी स्वतः टेलिफोन खात्यात तीस वर्षं आवाजावर काम केलंय. बरोबर घोषणा रेकॉर्ड करून पाठवली: प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. ती पुरेशी संथ वाटली नाही म्हणून आणखी एक. मग थांबा कुठे घ्यायचा ते दाखवायला आणखी एक. शेजारच्या शकुंतलाबाई कुंपणावरून विचारत होत्या, कोणती गाडी आली? काही लोकांना उद्योग नसतो.

घोड्याचा मुद्दा मी सोडलेला नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार
या आठवड्यात तीनदा शाळेत. जीपने. ड्रायव्हर आता पुढची सीट ठेवतो.

डिंपलचा उच्चार सुधारतोय. ‘लक्ष’ जमलं. थांबा जमत नाही. तिला म्हटलं, साखरखेर्डा म्हणून थांब, मनात पिशवी उचल, मग पुढे बोल. तर म्हणते, “आजी, पिशवीत काय हाये?” म्हटलं, काही नाही. म्हणे, “मंग उचलाले वेळ कायले लागते?” उद्धट मुलगी.

प्रयोग सत्तावीसला, मराठी भाषा गौरव दिनाला. मी प्रमुख पाहुणी. शुद्ध मराठीचं महत्त्व यावर भाषण तयार आहे. शेवटी भालचंद्रबद्दल दोन गंभीर वाक्यं. म्हणजे गाढवाचं प्रकरण आपोआप झाकलं जाईल. मोती रंगाची सिल्कची साडी इस्त्रीला दिली.

२७ फेब्रुवारी, गुरुवार, सकाळ
निघते आहे. भाषण पाठ. मनावर पूर्ण ताबा.

२७ फेब्रुवारी, संध्याकाळ
क्रमाने लिहिते.

डिंपलला गालफुगी. गाल कानापर्यंत, तोंड उघडत नाही. पटांगणात सगळी वस्ती येऊन बसलेली. निशिगंधा म्हणाली, मॅडम, घोषणा फक्त तुम्हालाच पाठ आहेत. म्हटलं, मी प्रमुख पाहुणी आहे. ती म्हणाली, पडद्यामागे कोण बघतंय? अर्जुनरावांनी पहिल्यांदा मत दिलं. म्हणाले, “बसा मॅडम, चटई टाकतो.”

बसले. सिल्कच्या साडीत, उकिडवी, वर केलेल्या हातात गाढव. तळहाताच्या मागे, कापडाच्या पलीकडे त्याचं नाव. पहिल्या घोषणा उत्तम झाल्या. पटांगण शांत होतं. एक म्हातारा म्हणाला, “अरे, हे तं आपल्या बुलढाण्याच्या स्टँडावानी!” मी विचलित झाले नाही.

मग राजा झालेल्या पोरीने नाटकात नसलेला प्रश्न विचारला. “भालचंद्र, तू साऱ्यायले गाड्या सांगतं. तुही गाडी कोन्ती?”

मी म्हटलं, प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. बुलढाणा–साखरखेर्डा, चिखलीमार्गे जाणारी...

आणि थांबले. थांबा तिथे असतोच. पण पुढचं ‘गाडी सुटत आहे’ तोंडातून येईना. हात वर, गाढव खिडकीत, सगळे वाट पाहताहेत. पुढे बसलेलं एक पोरगं ओरडलं, “सोड ना बे गाडी!”

गाढव म्हणालं, “थांब बे! मले बसू तं दे!”

टाळ्या, शिट्ट्या. पडदा पडला तरी थांबेनात. ते मी बोलले नाही. परिस्थिती अशी होती की गाढवाला काहीतरी बोलणं भाग होतं.

भाषण झालं नाही. नंतर सगळे जिलेबीकडे गेले.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
शाळेने तालुक्याच्या ग्रुपवर बातमी टाकली. फोटोत पडद्यावर फक्त गाढव आणि माझं मनगट. खाली: प्रमुख पाहुण्या काही कारणास्तव उपस्थित राहू शकल्या नाहीत.

निशिगंधाचा फोन. म्हणाली, मॅडम, घोड्याचं काय करायचं? म्हटलं, पोरांची परीक्षा जवळ आली, आता नको. पुढच्या वर्षीच्या अर्जांत बघू.

गाढव घरी आणलंय. एक कान उसवला होता, तो शिवण्यापुरतं. सोमवारी परत. टेबलावर जागा नव्हती म्हणून भालचंद्रच्या खुर्चीत ठेवलं.

दुपारी आल्हादचा फोन. पुण्याला ये म्हणतो. म्हटलं, सोमवारी शाळेत काम आहे. मग विचारतो, आई, तुझा आवाज असा का येतोय? म्हटलं, धूळ. पटांगणात फार धूळ होती.

फोन ठेवला आणि व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.