फुप्फुसांचं लिमिट सॅम्पल

मंगळवार, १ जुलै
तनूच्या सॅकमध्ये हायलायटर सापडला. जांभळा. टोपण निघेना म्हणून ओढून बघितलं तर आंब्याचा वास. आजकाल काय वाट्टेल ते विकतात म्हणून परत ठेवला. मग भाकरी थापताना लक्षात आलं की त्याला चार्जिंगचं भोक होतं. हायलायटर चार्ज कोण करतं?
पुन्हा जाऊन काढला, माझ्या डब्याच्या पिशवीत लपवला. लेक क्लासला गेलेली. बारावीचं वर्ष, त्यात कबड्डीची जिल्हा निवड तोंडावर, आणि हे. म्हणजे काय, तेही धड कळत नाहीये.

बुधवार, २ जुलै
शहाण्या बाईने केलं नसतं ते केलं. ती वस्तू चाकणला कंपनीत नेली. माझं कामच ते. ॲल्युमिनियमचे ओतीव पार्ट एक्स-रे मशीनमध्ये घालायचे, आत हवेचं भोक राहिलंय का बघायचं. भोक दिसलं की एनजी म्हणजे नापास, लाल क्रेट. नाही दिसलं की ओके, हिरवा क्रेट. जेवणाच्या सुट्टीत मशीन रिकामं होतं. घातली आत.
स्क्रीनवर बॅटरी, एक बारीक वेटोळं, बाकी पुसट. मागे आमचे सुपरवायझर जाधवसाहेब उभे. "मॅडम, हा कुठल्या कस्टमरचा पार्ट?" म्हटलं, सॅम्पल आहे. त्यांनी वाकून बघितलं. "हे व्हेप हाय, बॅटरीवरची सिगारेट. आमच्या पुतण्याकडं सापडलं हुतं." पुढे काही विचारलं नाही, मशीन बंद करून गेले. लाज वाटली. नाव कळलं म्हणून जरा बरंही वाटलं.

गुरुवार, ३ जुलै (सुट्टी)
तनूसमोर ठेवली. आधी म्हणाली मैत्रिणीची आहे. मग म्हणाली नुसता फ्लेवर असतो. मग रडली. दहावीच्या सुट्टीपासून चालू आहे.
संदीप खवळला. माझ्या नवऱ्याचं पुनावळ्यातलं जुनं घराणं, रागावला की आधी तेच बाहेर येतं. "आमच्या घरात पोरींनी आसलं कधी केलं न्हाई." गालात तंबाखूची गोळी. तनूने नुसतं त्याच्या गालाकडे बघितलं. तो गॅलरीत जाऊन थुंकून आला. मला हसूही येईना, रडूही येईना.
कोच सर मागे म्हणालेच होते, हिचा दम तुटतोय, चढाईत निम्म्यावरच 'कबड्डी कबड्डी' थांबतं. मी तिला खजूर खायला घालत होते.

मंगळवार, ८ जुलै
जाधवसाहेबांनी स्वतःहून सांगितलं. चिंचवडच्या एका हॉस्पिटलात व्हेप ओढणाऱ्या मुलांसाठी प्रयोग चालू आहे. फुप्फुसांचा एमआरआय काढतात, श्वास कुठवर पोचतो ते रंगात दिसतं. ते चित्र मुलांनाच दाखवायचं. स्वतःचं आतलं बघितल्यावर सोडायला मदत होते का, हे त्यांना बघायचंय. जाधवसाहेबांचा पुतण्या जातो तिथे.
तनू लगेच तयार. "खराब आला तर सोडते."
"आणि चांगला आला तर?"
खांदे उडवले.

गुरुवार, १७ जुलै
स्कॅन झाला. आधी साधा एक्स-रे. दारातून स्क्रीन दिसत होती. दोन्हीकडे काळं, नुसतं काळं. आमच्या स्क्रीनवर काळं म्हणजे भोक, आणि एवढं असलं तर पार्ट सरळ भट्टीत. तिथल्या टेक्निशियन बाईंना विचारलं, "पूर्ण गेलंय का हो?" त्या म्हणाल्या, "काय गेलंय? काळं म्हणजे हवा. फुप्फुसात हवाच असणार ना ताई."
इतकी वर्षं हवा दिसली की लाल क्रेटमध्ये टाकतेय मी. तिथेच खुर्चीत बसले. तनूला हसू आवरेना. किती दिवसांनी हसली.

शनिवार, १९ जुलै
रिपोर्ट आला. तनूला सराव होता, एकटीच गेले. डॉक्टर बाई शांत आहेत, घाई करत नाहीत. चित्र बहुतेक निळं, म्हणजे श्वास पोचतोय. डावीकडे खाली थोडे पांढरे तुकडे, तिथे कमी पोचतोय.
"व्हेपमुळे?"
"असू शकतं. कधी कधी न ओढणाऱ्यांतही दिसतं."
"मग ओके की एनजी?"
त्यांना कळलं नाही. मी समजावलं. आमच्याकडे टेबलाशेजारी लिमिट सॅम्पल टांगलेलं असतं. एवढं भोक चालेल, याच्यापुढे नाही. शंका आली की पार्ट त्याच्या शेजारी धरायचा. तुमचं दाखवा, मी शेजारी धरते.
बाई म्हणाल्या, "तेच तर नाहीये अजून. या वयाच्या मुलांसाठी ते आम्ही तयार करतोय. तुमच्या तनूसारख्यांना घेऊनच."
पुढच्या आठवड्यात तिला आणा म्हणाल्या, त्या नीट सांगतील. बसमध्ये तेच डोक्यात. उतरायचा स्टॉप मागे गेला.

रविवार, २० जुलै
संदीप म्हणाला, "सांग की तिला, खराब आलंय म्हणून. विषय संपला. डॉक्टरला इचारायला कोण जातंय?"
सांगितलं. पांढऱ्या तुकड्यांवर बोट ठेवलं आणि म्हटलं, हे गेलं. तोंडातून सवयीने 'एनजी' निघालं. तनू चित्राकडे बघत राहिली. भरून येतं का विचारेल असं वाटलं होतं, त्याचं उत्तर मी तयार ठेवलं होतं. विचारलंच नाही. बुटांच्या खोक्यातून दुसरी वस्तू काढून माझ्या हातात दिली. दुसरी आहे हेच मला माहीत नव्हतं.
काम झालं. मग बरं का वाटत नाहीये?

शुक्रवार, १ ऑगस्ट
तनूचं डोकं दुखतं, जेवण नको, कशावरही खेकसते. पण ओढत नाही. डॉक्टर बाईंचा फोन, तनूला कधी आणताय? म्हटलं, निवड झाल्यावर. एका थापेसाठी दुसरी. संदीप म्हणतो त्यानेही तंबाखू कमी केली. गालावरून तरी दिसत नाही.

मंगळवार, १२ ऑगस्ट
कोच सरांचा फोन. "ताई, तनू सरावाला का येत नाही?" मी म्हटलं, रोज येते की. रोज किट घेऊन निघते.
संध्याकाळी विचारलं. "डावीकडचं गेलंय ना. चढाई कशाने करू? मैदानाबाहेर बसते." राग नाही, काही नाही, बसची वेळ सांगावी तशी बोलली. म्हटलं, अगं थोडंसंच आहे ते... तिने बघितलं माझ्याकडे. मी पोळ्या लाटायला लागले. आता कुठल्या तोंडाने खरं सांगू?

गुरुवार, २१ ऑगस्ट (सुट्टी)
बाथरूममधून आंब्याचा वास. दार वाजवलं. तिने उघडलं, हातातलं लपवलंही नाही.
"आई, तुमच्याकडे एनजी पार्टचं काय करतात?"
"वितळवतात."
"घासूनपुसून ठेवतात का? नाही ना? मग मला कशाला जपू?"
हिरव्या क्रेटमध्ये आम्ही पार्ट ठेवतो, लाल क्रेटमध्ये फेकतो. मुद्दाम नाही, हात आपोआप तसा चालतो. पोरीला मी तिथे टाकलं आणि वर म्हणत होते, काम झालं.

शनिवार, २३ ऑगस्ट
खरं सांगितलं. संदीप होता समोर, खाली बघत.
"म्हणजे चांगलं आहे?"
"तसं नाही."
"मग खराब?"
"तसंही नाही. त्यांनाच अजून नक्की सांगता येत नाही."
"मग तू मला आत्ता काय सांगतेयस?"
खरंच की. मी काय सांगत होते?
तनू ओरडली नाही, तेच जास्त लागलं. म्हणाली, "या वर्षीची निवड तर गेली." मग दारातून वळून, "तू घाबरली होतीस ना? तेवढंच म्हणायचं होतंस. फोटोला कशाला बोलायला लावलंस?"
संदीपने खिशातून तंबाखूची पुडी काढली, परत खिशात घातली. खाल्ली नाही. टाकलीही नाही.

सोमवार, १ सप्टेंबर
तनू सरावाला जाते. कोच सरांना विचारून खात्री केली, नंतर स्वतःचाच राग आला. ओढते का? माहीत नाही. एखाद्या दिवशी वास येतो असं वाटतं, तर फ्रीजमध्ये खरंच आंब्याचा रस असतो. तिच्या वस्तूंना हात लावायचा नाही असं रोज ठरवते. परवा उशी हुंगली.
दुसऱ्या स्कॅनची वेळ तिनेच फोन करून घेतली.

गुरुवार, ११ सप्टेंबर
हॉस्पिटल. बाई म्हणाल्या, चित्र आजच दाखवते. मी उठले तर तनू म्हणाली, "मी एकटी बघणार. मग बाहेर येऊन तुला सांगेन. खरं सांगायचं का ते बघू."
बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. दुसरं काय करणार होते?
बाहेर बाकावर बसले. आतून तिचाच आवाज जास्त येत होता, प्रश्न विचारत होती. जे तिने मला विचारलं नव्हतं तेच असावं. शब्द कळले नाहीत.
बाहेर आली. चेहरा नेहमीचा.
"ठीक आहे."
"ठीक म्हणजे?"
"ठीक म्हणजे ठीक, आई."
दार उघडं होतं, बाई आतच होत्या. दोन पावलं जाऊन विचारता आलं असतं. नाही गेले. खूप जावंसं वाटलं.
बसस्टॉपवर केस बांधायला तिने सॅक माझ्याकडे दिली. पुढच्या कप्प्याची चेन अर्धी उघडी होती, आत काहीतरी जांभळं. पेन असेल. मी चेन लावली आणि सॅक तिला परत दिली.