एकोणचाळीस मिनिटं

यशवंतपूर, बंगळूर
४ जुलै १९९७

प्रिय अक्का,

दिवाळीत विद्याधरना नकार देऊन तू सोलापूरला परत गेलीस, त्यानंतर मी तुला नुसती खुशालीची कार्डं टाकत आले. आज सविस्तर लिहितेय.

बाबांचं बंद पडलेलं गजराचं घड्याळ घेऊन मागच्या गल्लीतल्या रघुपती अण्णांकडे गेले होते. ते घड्याळाच्या कारखान्यातून निवृत्त झालेत. या मंगळवारी पहाटे साडेपाचच्या आधी जगभरच्या अधिकृत घड्याळांत एक सेकंद जास्तीचा घातला, हे तुला माहीत होतं? पृथ्वी म्हणे अणुघड्याळांच्या मागे पडते, मग तिच्यासाठी थांबावं लागतं. अण्णा म्हणाले, "म्हातारी आहे हो ती, स्वल्प थांबायला नको?" त्यांच्या आजोबांच्या लग्नात तर मुहूर्त पाण्यावर मोजला होता. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यात सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटं झाली.

मग मला चिडवत म्हणाले, "तुमची मुंबई भारी हट्टी! रेल्वे देशाच्या वेळेवर, आणि शहर पंचावन्न सालापर्यंत एकोणचाळीस मिनिटं मागे." मी हसले, आणि मग एकदम तू आठवलीस. तू एकोणपन्नास सालची, मुंबईत जन्मलेली.

घरी येऊन आईची वही काढली. बाबांच्या अक्षरात लिहिलंय, 'सकाळी ६-१०, मुंबई टाइम.' बाबा गेल्यावर तुझी पत्रिका करायला काका गेले, ते नुसता सहा-दहाचा आकडा उतरवून. सोलापूरच्या गुरुजींनी ती देशाची वेळ धरली. खरी वेळ सहा एकोणपन्नास. एवढ्या फरकाने लग्नरास बदलू शकते म्हणतात, आणि मंगळाचं घरही. त्या मंगळापायी तीन स्थळं परत गेली. माझं लग्न तुझ्याआधी झालं, तेव्हा मांडवात काकू तुला "तू जरा मागेच थांब गं" म्हणाल्या. तू थांबलीस. मी बोहल्यावरून पाहत होते.

आणि दिवाळीत विद्याधरनी लग्नाचं विचारलं, तर म्हणालीस, "एक बायको गेली त्यांची. आता माझ्यामुळे त्यांच्याच जिवाला काही नको." त्यांना मंगळाचं तुझ्या मेहुण्याने, श्रीकांतने, आधीच सांगितलं होतं, तरी त्यांनी विचारलं.

काल नवी पत्रिका मांडून घ्यायला मल्लेश्वरमला गेले होते. जोशांच्या पायरीवरून परत आले. मंगळ सुटला म्हणून तू हो म्हणालीस, तर तेही पत्रिकेचंच उत्तर. वहीतलं ते पान सोबत पाठवतेय, हवं तर तूच बघ. मला वेगळंच विचारायचंय, आणि समोर बसून ते मला जमलं नाही. पंचवीस वर्षं तुझ्या वतीने पत्रिका बोलत आली, आणि आम्ही सगळे तिचंच ऐकत राहिलो, मीसुद्धा. अक्का, विद्याधर तुला आवडतात का?

तुझीच,
प्रेमा