खंडेनवमीला बंद केलेला कॉम्प्युटर

गुवाहाटी
दसऱ्यानंतरचा सोमवार

तीर्थरूप आबा,

क्रांतीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. फोनवर तुम्ही "बरं हाय" म्हणून लगेच आईकडे देता, म्हणून कागदावर लिहितेय. मी मजेत आहे. इथल्या खानावळीतल्या बाईंना ठेचा करायला शिकवलाय. आईचा गुडघा कसा आहे?

परवा एक येडेपणा केला. आमच्या प्रयोगशाळेतल्या मोठ्या सूक्ष्मदर्शकाचा कॉम्प्युटर बावीस वर्षांचा आहे. नव्यावर ते यंत्र चालतच नाही, म्हणून जुनाच मी जपते. खंडेनवमीला तुम्ही ट्रॅक्टरला विसावा देता, तसा मी त्याला दिला. वायर काढून पुसला, झेंडू वाहिला. दसरा झाल्यावर सुरू केला, तर गडी सगळं विसरलेला! स्वतःची डिस्कही ओळखेना. सेटिंग्ज लक्षात ठेवणारा आतला बटणाएवढा सेल कधीच संपला होता. वीज चालू होती तोवर कुणाला कळलंच नाही.

सरांचा चेहरा पांढराफटक. मी म्हटलं, "सर, चहा घेऊन या." तुम्ही इंजिनाच्या खोलीत भिंतीवर खडूनं खुणा लिहिता ना, तशी मी सगळी सेटिंग्ज लिहून झाकणाच्या आत चिकटवली होती. नवा सेल घातला, कागद बघून सगळं भरलं. अर्ध्या तासात चालू!

आबा, तुमच्या पेसमेकरची बॅटरी तपासायला मिरजेच्या डॉक्टरांनी श्रावणात बोलावलं होतं. आई सांगते, तुम्ही "चालतंय की" म्हणून टाळताय. येत्या शनिवारची वेळ मी फोनवरून घेतलीय. वीरधवलदादा गाडी आणेल, निमूट बसायचं.

कॉम्प्युटरही चालतच होता, आबा. तो बंद पडल्यावर मी सेल बदलला. तुमच्या बाबतीत मला तसं जमायचं नाही.

तुमचीच,
क्रांती