बोकडाच्या पेशीतली सरळ रेघ

बाई, अकोल्यात मे महिन्यात मला स्वेटर घालावा लागतो, ही तक्रार मी कुणाकडे नोंदवू? बाहेर डांबर चपलेला चिकटतं आणि आत प्रयोगशाळेचा एसी सोळावर, आरएनएची तब्येत जपायला. माझ्या तब्येतीचं कुणी विचारत नाही. तुमच्या अमरावतीच्या प्रयोगशाळेत एसी नव्हता. मी खाटकाकडून बोकडाचे कपुरे, म्हणजे वृषण, थर्मासमध्ये आणायचो, बर्फ कुल्फीवाल्याकडचा. तुम्ही त्यातल्या पेशींची केंद्रकं वेगळी काढून त्यांचा आरएनए जेलीच्या पट्टीवर पळवायच्या. लांब तुकडे वर अडकत, आखूड खाली उतरत. एक दिवस पार तळाशी बारीक रेघ उमटली. तुम्ही म्हणालात, कोणत्या जनुकानं बोलायचं न् कोणत्यानं गप्प राहायचं, हे केंद्रकात बसलेले चिमुकले आरएनए ठरवत असतील. तेव्हा हे आमच्या कोणत्याच पुस्तकात नव्हतं.

विभागाच्या बैठकीत प्रमुखांनी मला विचारलं, ही रेघ कसली; मी तुमचा सहायक म्हणून. मी म्हणालो, "वऱ्हाडातलं ऊन आहे सर, आरएनए तुटला. हा त्याचा चुरा." सगळे हसले. तुम्ही माझ्याकडे पाहून एवढंच म्हणालात, "काहून रे, ऊन का मोजून तुकडे करते?" तुमचं काम बंद पडलं. माझी नोकरी पक्की झाली.

गेल्या आठवड्यात माझी विद्यार्थिनी तीच रेघ घेऊन आली. मला बर्फाचा संशय, खाटकाचा संशय, पोरीचा तर फारच. म्हटलं, "उन्हानं तुटलं असेल."

"मले माहीत होतं सर, तुमी असंच म्हणसान." तिनं एक नमुना मुद्दाम खिडकीत उन्हात ठेवला होता. पट्टीवर त्याच्या लहानमोठ्या तुकड्यांचा वरपासून खालपर्यंत नुसता धूर. शेजारी बर्फातल्याची रेघ, सुतासारखी सरळ. इतका साधा प्रयोग, बाई. आणि आपल्याकडे उन्हाची टंचाई कधीच नव्हती.

तिच्या प्रबंधात 'बोकडात ही रेघ प्रथमच दिसली' असं वाक्य होतं. मी ते खोडलं, तिथे तुमचं नाव लिहिलं आणि तुम्हाला खोटं ठरवणारा म्हणून खाली माझं.

"हे ठेवायचं काय सर?"

"ठेव."

प्रबंध चार लोक वाचतील. तुम्ही आता नाही, हे पत्र कुणीच वाचणार नाही, म्हणून उरलेलं इथे लिहितो. चुरा पट्टीवर कसा दिसतो, ते मला त्या बैठकीतही माहीत होतं.