ती आत येत होती

आई, तुझी बोरमाळ माझ्या कपाटातून गेली आणि दुसऱ्याच दिवशी सापडली. तुला जाऊन आता तीस वर्षं होतील, दागिन्याची खबर तुला द्यायची गरज नव्हती. पण त्या एका दिवसात मी एका बाईला तुरुंगात धाडलं, आणि आत गेलेल्या बायकांचं काय होतं हे तुझ्याइतकं कोणाला माहीत होतं?

तू ड्युटीवरून यायचीस, खाकी साडी दाराआडच्या खुंटीला लावायचीस, डोक्यावरून पाणी घ्यायचीस आणि मगच चुलीजवळ बसायचीस. मला तुझ्या त्या साडीची लाज वाटायची. बायकांच्या तुरुंगात पहारा करणारी आई कॉन्व्हेंटमध्ये सांगायची कशी? मी सिस्टरना सांगितलं होतं, आई गव्हर्नमेंट सर्व्हिसमध्ये आहे. तू भाकरी थापता थापता सांगायचीस की मुलाखतीच्या दिवशी पुरुषांच्या बाजूला आया, बायका, बहिणी डबे घेऊन रांग लावतात, आणि बायकांच्या बाजूचं बाकडं रिकामं असतं. "बाई आत गेली की तिचं घरच मरतं," म्हणायचीस. मी इंग्रजी कविता पाठ करत असायचे, तुझं बोलणं मध्ये मध्ये यायचं. आणि ज्या दिवशी मी वर्गातल्या एका मुलीच्या दप्तरात माझी कंपासपेटी पाहिली, सिस्टरना सांगितलं आणि तिला सगळ्यांसमोर छड्या बसल्या, त्या दिवशी मी मोठ्या अभिमानाने घरी आले. तू भाकरी तव्यावर टाकलीस आणि म्हणालीस, "तिला इचारलंस का आधी?" मी म्हटलं, चोराला काय विचारायचं? तू मला जेवायला वाढलंस, पण त्या रात्री माझ्याशी बोलली नाहीस.

माझ्याकडे पोळ्या करायला येणारी बाई आपल्याच साताऱ्याकडची. नऊ वर्षं आली. तिचा नवरा वाशीच्या मार्केटात ओझी उचलायचा, पाठ गेल्यापासून घरी असतो. तिच्या मुलीला बारावीचं इंग्रजी मीच शिकवलं, माझ्याच जेवणाच्या टेबलावर. मुलगी मला आजी म्हणते. दिवाळीनंतर मुलीचं लग्न ठरलं, मुलगा तळोज्याला कंपनीत कायम. साखरपुड्याच्या पंधरा दिवस आधी ही पोळी लाटताना म्हणाली, "बाई, त्यांच्याकडच्या चार बायका येनार. पोरीच्या गळ्यात सोनं नसलं तर काय म्हनतील?" मी तिला भाषण दिलं. मुलीचं शिक्षण हाच दागिना, असल्या लोकांच्या घरी मुलगी देऊच नये, स्वाभिमान नावाची काही गोष्ट असते. ते सगळं मी तुझी बोरमाळ घालून बोलत होते, हे आता लिहिताना लक्षात येतंय. ती म्हणाली, "व्हय बाई, खरंय तुमचं," आणि पुढची पोळी तव्यावर टाकली.

साखरपुड्याच्या संध्याकाळी मुलीने मला फोटो पाठवला. हिरवी साडी, केसात अबोली, आणि गळ्यात तुझी बोरमाळ. खाली लिहिलं होतं, "थँक्यू आजी! आई बोलली तुम्ही घालायला दिलीत. सगळे विचारत होते कोणाची म्हणून." मी कपाट उघडलं. डबी जागच्या जागी होती, रिकामी. मुलीला काही माहीत नाही, हे त्या थँक्यूवरूनच कळत होतं. सकाळी तिच्या आईला समोर बसवून विचारायचं, इतकं सोपं होतं. पण मी संतापले होते, आई. चोरीचा नाही, तुझ्या वस्तूवरून मला फसवलं याचा संताप. मी सोसायटीच्या चेअरमनना फोन केला. त्यांची पोलीस स्टेशनात ओळख. मी म्हटलं, "फक्त जरा दम द्यायला सांगा." आपल्यासारखी माणसं हेच करतात. पोलीस म्हणजे ओरडायला ठेवलेला माणूस, ओरडून झालं की परत पाठवायचा, असं आपल्याला वाटतं.

सकाळी आठला आम्ही गेटवर उभे होतो. मी, चेअरमन आणि दोन पोलीस. ती नेहमीसारखी आली. वॉचमनला "काय दादा, आज एवढी मंडळी?" म्हणाली, आणि मला बघून तिचा हात पिशवीवर गेला. पोलीसबाईने पिशवी उघडली. डब्याखाली रुमालात गुंडाळलेली बोरमाळ निघाली.

"बाई, एक दिसासाठी नेली वती. आत ठेवाया चालले वते."

"मग मागितली का नाहीस?" मी विचारलं.

ती म्हणाली, "मागितली असती तर दिली असती का?"

 उत्तर चेअरमननी दिलं. "आता सापडल्यावर सगळ्या असंच बोलतात."

स्टेशनात माझा जबाब लिहिला. घरकामाच्या बाईने विश्वासाचा गैरफायदा घेऊन दागिना चोरला, पिशवीतून माल जप्त. मी तो शब्द न् शब्द वाचला. फ्लॅट नंबर चुकला होता, तो दुरुस्त करायला लावला. पिशवी गेटमधून बाहेर जात नव्हती, आत येत होती, हे त्यात कुठेच नव्हतं. ते मला दिसलं. मी सही केली.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अंगठे आले, हात जोडलेली चित्रं आली. "मॅडमनी धडा घालून दिला." ज्यांनी पार्किंगची जागा बेकायदा बंदिस्त करून घेतली आहे त्यांनीही अंगठा दिला, आणि ज्यांचा मुलगा एका माणसाला गाडीने उडवून अजून तीच गाडी चालवतो त्यांनीही. गेटच्या ॲपवर तिचा फोटो लाल झाला, म्हणजे प्रवेश बंद. आता सगळ्या कामवाल्यांच्या पिशव्या तपासतात, जाताना. येताना कोणी बघत नाही. बोरमाळ कोर्टाकडून परत मिळाली तेव्हा मी ती उकळत्या पाण्यात टाकली. दुसऱ्या मुलीच्या गळ्यात गेली होती ना! मण्यांतली लाख पाघळली आणि सगळे मणी चेपले. एक दिवस दुसरीच्या गळ्यात राहून त्या माळेला काहीही झालं नव्हतं.

लग्न मोडलं, हे सांगायला नकोच. ती चार महिने आत आहे. जामिनाचा पहिला अर्ज नामंजूर झाला. नवरा एकदाही भेटायला गेला नाही, म्हणतो पाठ दुखते. मागच्या आठवड्यात मुलगी माझ्याकडे आली. चपला बाहेर काढून दारातच उभी राहिली. मी आत ये म्हटलं, तर म्हणाली, "नको आजी, इथंच बरं." मग म्हणाली, "वकील बोलले, तुम्ही लेखी दिलं आणि कोर्टात येऊन सांगितलं तर आई सुटेल. आई बोलली, बाईंना सांग, त्यांनी बघितलंय मी आत येत होते. बाई खोटं बोलायच्या नाहीत."

मी म्हटलं, येते. मंगळवार, अकरा वाजता. कागदही लिहिला, एकदा मराठीत, एकदा इंग्रजीत. इंग्रजीतला फार सुरेख झाला.

सोमवारी चेअरमन भेटले. म्हणाले, "मॅडम, जबाब बदललात तर उलट तुम्हालाच विचारतील, तेव्हा का नाही सांगितलं? या वयात कशाला?" तेव्हा का नाही सांगितलं. आई, हे कोर्टाने विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते? साहेब, मला उशिरा आठवलं? मला नऊ वर्षं जेवू घालणारी बाई माझ्यासमोर चोर ठरत होती आणि मी फ्लॅट नंबर दुरुस्त करत होते.

मंगळवारी साडेदहाला मी मुलीला कळवलं की गुडघा धरलाय, जिना उतरवत नाही. आमच्याकडे दोन लिफ्ट आहेत, हे तिला माहीत आहे. तिचं लगेच उत्तर आलं, "ठीक आहे आजी, काळजी घ्या. पुढची तारीख मिळाली की सांगते."

माझा गुडघा दुखत नव्हता, आई.