नकाशात नसलेली गल्ली

अप्पा,

आपल्या गल्लीत पाडकामाचं मशीन येऊन गेलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी पहिला राग तुमच्यावरच आला.

लष्कर मोहल्ल्यातली ही आपली रंगाऱ्यांची गल्ली. प्रत्येक घरापुढे बसायला दगडी जगली, तिच्यावर लाकडी खांब. मी सातवीत असेन. एक साहेब येतो, म्हणतो, रंगाची भांडी हलवा, रस्ता घाण दिसतो. तुमचे हात कोपरापर्यंत निळे, तसेच जोडलेले. मी मध्येच बोलते, "जगली आमची आहे!" साहेब गेल्यावर तुम्ही मला झापलंत. "सरकारच्या माणसापुढे तोंड चालवायचं नाही. सुम्ने, गप्प राहायचं." भांडी मागच्या अंगणात गेली, आणि आम्ही सगळे जन्मभर सुम्नेच राहिलो.

आता जुन्या वस्त्या जपायच्या म्हणून वारसा क्षेत्रं ठरवतायत. कचेरीत जाऊन मी नकाशा पाहिला. राजवाड्याकडचे रस्ते आत, आपल्या गल्लीपाशी येऊन रेघ वळलेली. "ही का नाही?" अधिकारी माझ्या मुलाच्या वयाचा. हसून म्हणाला, "अल्लि एनू इल्ला, अम्मा." तिथे काहीच नाही! पिढ्यान् पिढ्या या गल्लीनं अख्ख्या गावाची लुगडी रंगवली, ते काहीच नाही. दसरा बघायला आलेल्या पाहुण्यांना दिसतो तेवढाच यांचा वारसा.

रेघेबाहेरचं म्हणजे पाडायला मोकळं. रस्ता रुंद करायला मशीन आलं, तेव्हा मी जगलीवर जाऊन बसले. शेजारच्या मावशी सुपात अवरेकाळूच्या, पावट्याच्या शेंगा घेऊन आल्या आणि माझ्या बाजूला सोलत बसल्या.

"उठा अम्मा, नंतर बोलू," इंजिनियर म्हणाला.

"पाडल्यावर काय बोलणार? माझ्या तेराव्याला येणार का बोलायला?" मी कन्नडात ओरडले, कन्नड पुरेना तेव्हा मराठीत. दुपारपर्यंत गल्लीतली एकही जगली रिकामी नव्हती. मशीन परत गेलं. पण कोपऱ्यावरच्या दोन जगल्या मी बसण्याआधीच फोडल्या होत्या. त्यांचे खांब अजून रस्त्यात पडलेत, कुणी उचलत नाही.

पुन्हा पाहणी करू म्हणालेत. माझा विश्वास नाही. दर सोमवारी कचेरीत जाऊन त्यांच्यासमोर बसते. मला बघितलं की पंखा बंद करतात. करू देत.

हे पत्र कुठे टाकणार, म्हणून एक सांगून टाकते. गल्लीत कुणाला माहीत नाही. गुडघे फार दुखतात, म्हणून गावाबाहेर हूटगळ्ळीत लिफ्टवालं एक घर मी बघून आले. मला ते आवडलं, अप्पा.